विनोदी बातमीचा व्हिडिओ: लोक कुठे हसतात, कुठे चिडतात, आणि खरं का मानून बसतात

तिरकी_रेघ (धागालेखक)

छापील विनोदी बातमी पडद्यावर आली की एक प्रतिक्रिया हमखास येते: "वाचताना मजा आली होती, व्हिडिओत काही जमलं नाही." मजकूर तोच, निवेदक बरा, तरी लोक पंधराव्या सेकंदाला पसार. त्यामागची कारणं आणि दुरुस्त्या इथे एकत्र करू या. सुरुवात करून देतो. भर घाला, खोडून काढा.

पहिला घोळ मथळ्याचा. विनोदी बातमीत मथळा हाच विनोद असतो आणि खालचा मजकूर तो ताणत नेतो. उदाहरणापुरती एक बनावट बातमी घेऊ: "चोरट्यांनी फक्त कुलूप लांबवले, ऐवज सुरक्षित". व्हिडिओत हा मथळा तीनदा आदळतो. थंबनेलवर (क्लिक करण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर) असतो, शीर्षकात असतो आणि वर निवेदक पहिल्याच वाक्यात तोच वाचतो. क्लिक करणाऱ्याचं त्यावर हसून झालेलं असतं, त्याला पुढचं हवं असतं. रिटेन्शनच्या, म्हणजे कितव्या सेकंदाला किती जण अजून बघताहेत त्याच्या, आलेखात पहिल्या पाच-दहा सेकंदांत जो खड्डा पडतो त्याचं एक मोठं कारण हे. म्हणून थंबनेलवर अर्धीच गोष्ट ठेवा: बंद दार आणि कुलपाच्या जागी खडूने काढलेलं वर्तुळ. पूर्ण मथळा शीर्षकात. निवेदकाने थेट दुसऱ्या परिच्छेदाला हात घालावा: "पोलिसांनी किल्ली ताब्यात घेतली असून तिची कसून चौकशी सुरू आहे."

दुसरा घोळ वाक्याच्या शेपटाचा. "बंगल्यातून चोरट्यांनी फक्त कुलूप चोरून नेले असल्याचे पोलीस सूत्रांनी सांगितले." वाचताना डोळा हे शेपूट सहज ओलांडतो. ऐकताना 'कुलूप' शब्दावर हसू फुटायला आणि 'असल्याचे पोलीस सूत्रांनी' त्यावर बदाबदा पडायला एकच गाठ पडते. शेपूट पुढे आणा: "पोलिसांच्या माहितीनुसार बंगल्यातील सर्व ऐवज जागेवर आहे. चोरीला गेले आहे ते फक्त कुलूप." क्रियापद शेवटी टाकायची सवय इथे मोडते, पण कानाला खटकत नाही. बातम्यांमध्ये असा उलटा क्रम सगळ्यांनी ऐकलेला असतो.

तिसरं, लांबी. मिनिटाला १३० शब्दांच्या गतीने ३०० शब्दांना सव्वादोन मिनिटं लागतात. त्यात बाईट (साक्षीदाराचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) आणि थांबे धरले की तीन मिनिटं. एका कल्पनेवर उभ्या असलेल्या बातमीला हे फार होतं. १६० ते १८० शब्दांत बसवा, म्हणजे सगळं मिळून दीड मिनिट. आधी 'पार्श्वभूमी'चा परिच्छेद उडवा. दोन साक्षीदार एकच गंमत सांगत असतील तर एक उडवा. मात्र "कुलूप सात लिव्हरचे होते" यासारखा बिनकामाचा अचूक तपशील कापू नका. बातमीचा खरेपणा त्यावरच उभा असतो, आणि लोक कमेंटमध्ये नेमकं तेच वाक्य परत लिहितात.

कात्रीबहाद्दर

शेपटाच्या मुद्द्याला +१. आता टायमिंगचं बघू.

सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत पंचनंतर (हसू फुटतं त्या शब्दानंतर) १२ ते १५ फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, निवेदक तसाच गंभीर चेहऱ्याने दिसला पाहिजे. उभ्या छोट्या क्लिपला सहा-आठ फ्रेम पुरतात. त्याहून कमी ठेवलं तर विनोद डोक्यात उतरायच्या आत पुढचं वाक्य सुरू होतं. मग "काय बोलला कळलंच नाही" अशा कमेंट येतात आणि दोष निवेदकाच्या उच्चारांना दिला जातो. सेकंदाच्या वर ताणलं तर "आता हसा" असं सांगितल्यासारखं होतं.

त्या थांब्यात आवाजाची पट्टी कोरी सोडू नका. पूर्ण शांतता आली की प्रेक्षकाला फोनचा आवाज गेला असं वाटतं आणि त्याचा हात बटणाकडे जातो. स्टुडिओची रिकामी गुणगुण २० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा आणि प्रत्येक थांब्याखाली अंथरा.

निवेदक हसला की खेळ खलास. ओठाचा कोपरा हलला तरी तो टेक बाद. एकाच वाक्याचे तीन टेक घ्या: एक नेहमीचा, एक थोडा संथ, एक कंटाळलेला. कंटाळलेला बहुतेक वेळा बाजी मारतो. साक्षीदाराची बाईट करणारे नट तर हमखास जास्त करतात. त्यांना संवाद पाठ करायला देऊ नका, मुद्दा सांगा आणि त्यांच्या शब्दांत बोलू द्या. प्रमाणभाषा निवेदकाकडे, बोली साक्षीदाराकडे. दोघं एकाच भाषेत बोलले तर नाटकाची तालीम वाटते.

आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा. त्याहून मोठा आवाज यूट्यूब खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. बातम्यांची सुरुवातीची धून स्वतःची बनवा. खऱ्या वाहिनीची उचलली तर हक्काचा दावा लागतो, आणि दोन सेकंदांपेक्षा लांब धून कोणी ऐकतही नाही.

खुसपट

एवढी फ्रेम मोजण्यापेक्षा मागे हशा टाकला तर? लोकांना कुठे हसायचं ते कळेल.

कात्रीबहाद्दर (खुसपट यांना)

नको. ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी १९५० च्या दशकात टेपवरच्या हशांचं यंत्र बनवलं ते मालिकांसाठी. तिथे नाट्यगृहाचा आभास हवा असतो. बातम्यांच्या स्टुडिओत प्रेक्षक बसलेले नसतात. हशा टाकला की बातमीचं सोंग गळून पडतं आणि विनोद तर त्या सोंगाचाच असतो.

तुमच्या सूचनेमागची अडचण मात्र खरी आहे. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांचं निरीक्षण आहे. फोनवर एकटा बघणारा मनातल्या मनात हसतो, मग कमेंट उघडतो आणि तिथे सोबत शोधतो. "०:४२ ला मेलो" असली कमेंट म्हणजे लेखी हशा. हशा टेपवर शोधण्यापेक्षा तशी जागा व्हिडिओत तयार करा. खालच्या पट्टीत बारीक अक्षरात एक वेगळी गंमत सोडा. लोक व्हिडिओ थांबवून वाचतात, मागे जातात आणि वेळ नोंदवतात. फक्त निवेदकाचा पंच आणि पट्टीतला विनोद एका क्षणी येऊ देऊ नका. दोन्ही वाया जातात. पट्टीवरची ओळ चार ते सहा सेकंद दिसली पाहिजे.

शिलालेख

सबटायटलचं कोणीच बोललं नाही. विनोद फोडण्यात सगळ्यात पुढे तेच असतात.

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. तिथे "चोरीला गेले आहे ते फक्त कुलूप" ही अख्खी ओळ एकदम झळकली तर निवेदक 'चोरीला' म्हणेपर्यंत वाचणारा 'कुलूप'वर पोचलेला असतो. ओळ तोडा. पहिला तुकडा "चोरीला गेले आहे ते फक्त", दुसरा "कुलूप." दुसरा तुकडा उच्चाराच्या दोन-तीन फ्रेमपेक्षा आधी येऊ नये आणि किमान एक सेकंद राहावा. आपोआप तयार होणारे सबटायटल हे करत नाहीत, त्यामुळे एसआरटी फाइल (सबटायटल आणि त्यांच्या वेळांची) हाताने बसवावी लागते. दीड मिनिटाला ती पंचवीस-तीस तुकड्यांत होते.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत सहा-सात शब्द. उभ्या व्हिडिओत खालचा भाग शीर्षकाने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते, म्हणून मजकूर तळापासून निदान पाव उंची वर घ्या.

आता देवनागरीचं दुखणं. एडिटिंग सॉफ्टवेअरची सेटिंग चुकली की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं फुटतात. प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा आणि फॉन्ट युनिकोडच वापरा. हे केलं नाही तर कमेंटमध्ये शुद्धलेखनाचा वर्ग भरतो आणि विनोदाचं नावही कोणी काढत नाही. निवेदकाच्या मागच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घही तपासून घ्या. मराठी प्रेक्षक चोर सोडेल, वेलांटी सोडणार नाही.

चिमटा

किल्लीची कसून चौकशी! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). वाचनखूण साठवली.

मधलं_पान

सगळ्यात महागात पडणारी प्रतिक्रिया म्हणजे "खरंच का हो?" तिच्यावर सविस्तर लिहितो.

१ एप्रिल १९५७ ला बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात तीन मिनिटांचा वृत्तांत दाखवला गेला. स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडणारी कुटुंबं त्यात होती आणि निवेदन रिचर्ड डिंबल्बी या भारदस्त वृत्तनिवेदकाचं. नंतर शेकडो फोन आले. काहींना स्पॅगेटीचं झाड कसं लावायचं ते विचारायचं होतं. तो विनोद जमला तो संथ, गंभीर आवाजामुळे, आणि लोक फसले तेही त्या आवाजामुळेच. निवेदक जितका चांगला तितकी गैरसमजाची जोखीम जास्त, हे धरूनच चालावं लागतं.

नेटवर याला 'पोचा नियम' म्हणतात. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या सदस्याने एका चर्चास्थळावर तो मांडला: डोळा मारल्याची खूण नसेल तर टोकाच्या मताचं विडंबन कुणाला ना कुणाला खरंच वाटणार. आणि फसणारे अडाणीच असतात असंही नाही. २०१२ मध्ये 'द ओनियन' या अमेरिकी उपरोधिक बातमीपत्राने उत्तर कोरियाच्या किम जाँग-उन यांना सर्वात आकर्षक पुरुष ठरवलं, तर चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ते खरं धरून ५५ छायाचित्रांची मालिका छापली.

मग खूण कुठे लावायची? वर्णनात लावलेली खूण कोणी वाचत नाही. शेवटच्या पाटीपर्यंत बरेच जण पोचत नाहीत. आणि क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की शीर्षक, वर्णन, चॅनेलचं नाव सगळं गळतं, उरते फक्त चौकट. म्हणून खूण चौकटीच्या आत हवी, आणि मध्यभागी हवी. १९२० बाय १०८० चा आडवा व्हिडिओ कोणी उभा कापला की मधला साधारण ६०८ पिक्सेल रुंदीचा पट्टा राहतो. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ६५६ पिक्सेल जातात. कोपऱ्यातला 'उपरोधिक' शिक्का त्यात पहिला बळी. हा शिक्का आणि वाहिनीचं नाव असलेली पट्टी निवेदकाच्या छातीखाली, मधल्या भागात ठेवा. वाहिनीचं नावच असं घ्या की दुसऱ्यांदा वाचताना शंका यावी.

खुसपट

असहमत. सतत शिक्का दिसत राहिला तर विनोद मेलाच. कोडं घालताना कपाळावर उत्तर चिकटवून बसल्यासारखं. २००७ मध्ये 'ओनियन न्यूज नेटवर्क' सुरू झालं तेव्हा त्यांनी २४ तासांच्या वाहिन्यांची नक्कल इतकी काटेकोर केली की ग्राफिक्स, पट्ट्या, निवेदकांचा आव सगळं हुबेहूब. मजा तिथेच होती. फेसबुकनेही २०१४ मध्ये अशा बातम्यांपुढे 'सटायर' अशी चिठ्ठी लावून पाहिली होती. लेखकाने पंच लपवायचा आणि व्यासपीठाने तो फोडायचा!

मधलं_पान (खुसपट यांना)

शिक्का मोठा आणि चमकता असेल तर मेलाच, मान्य. पण खूण शब्दांतच असावी असं नाही. चढत्या भाजणीने जा. पहिलं वाक्य शक्य वाटणारं, दुसरं संशयास्पद, आणि विसाव्या सेकंदाच्या आत एक असं वाक्य यावं की विश्वास ठेवणं अशक्य व्हावं. किल्लीची चौकशी हे तसं वाक्य आहे. ते पन्नासाव्या सेकंदाला ठेवलं तर अर्धवट बघून पुढे पाठवणाऱ्याच्या हाती फक्त चोरीची बातमी लागते.

आरोग्य, निवडणूक, परीक्षा आणि दंगल हे विषय वेगळे. तिथे बातमी कितीही अशक्य असली तरी खूण ठळक हवी, कारण माणूस घाबरलेला असताना भाजणी मोजत नाही. तिथे थोडा विनोद मेला तर मरू द्या.

आकडेमोड

प्रतिक्रिया मोजायच्या कशा, यात बरेच जण भलतेच आकडे धरतात.

लाइक जवळपास निरुपयोगी. यूट्यूबवर आधी पाच तारे होते, पण बहुतेक मतं पाच ताऱ्यांचीच पडत, म्हणून २०१० मध्ये अंगठे आले. नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दिसत नाही. निर्मात्याला यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल चालवायच्या पानावर) दिसतो, पण कारण कळत नाही. विनोद फसला, की नेत्याचा समर्थक दुखावला? आकडा दोन्हीकडे सारखाच.

शॉर्ट्सच्या (यूट्यूबच्या उभ्या छोट्या क्लिपच्या) व्ह्यूजवर तर भिस्त ठेवूच नका. ३१ मार्च २०२५ पासून क्लिप सुरू झाली की व्ह्यू मोजला जातो, किती वेळ बघितलं याची अट नाही. त्याऐवजी किती जणांनी बघितलं आणि किती जणांनी सरकवून टाकलं, ते प्रमाण बघा.

लांब व्हिडिओत रिटेन्शनचा आलेख बघा. तो तयार व्हायला एक-दोन दिवस लागतात, पहिल्या संध्याकाळी निष्कर्ष काढू नका. आलेख वर उचलला गेला असेल तर लोकांनी तो भाग परत बघितला. कारण दोनपैकी एक: विनोद आवडला, किंवा शब्द कळला नाही. त्या सेकंदाच्या कमेंट वाचल्या की कोणतं ते लगेच समजतं. खड्डा असेल तर लोकांनी तेवढा भाग ओलांडला, बहुतेकदा दुसरी बाईट किंवा लांबलेली धून. पंचनंतर सरळ कडा कोसळला असेल तर प्रेक्षकाला वाटलं की बातमी संपली. म्हणजे सगळ्यात जोरदार वाक्य चुकीच्या जागी पडलंय.

कमेंटचं वर्गीकरण हातानेच करा. ४८ तासांनी पहिल्या ५० कमेंट घ्या आणि पाच ढीग लावा: वाक्य परत लिहिणारे, आपला विनोद जोडणारे, "खरंच का?" विचारणारे, मूळ विषयावर भांडणारे, व्यक्तीवर तुटून पडणारे. पहिले दोन ढीग मोठे असतील तर व्हिडिओ जमला. तिसरा मोठा असेल तर खूण कमी पडली. चौथा मोठा असेल तर विषय इतका तापलेला आहे की विनोद कोणाला दिसलाच नाही.

हसऱ्या चेहऱ्यांवर विसंबू नका. फेसबुकने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'हाहा' दिलं तेव्हापासून ते टर उडवायलाही वापरतात. उपरोधिक बातमीवरचं 'हाहा' बातमीला आहे, बातमीतल्या पात्राला आहे, की तुम्हाला, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

चौकस

पाचव्या ढिगाचं काय करायचं? आणि बातमी बनावट नसून खरी, पण विचित्र असेल तर?

मधलं_पान

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात. खऱ्या विचित्र बातमीत खरा माणूस असतो. छापील चौकटीत तो 'एक इसम' म्हणून सुटतो, व्हिडिओत त्याला चेहरा येतो आणि लोक त्या चेहऱ्यावर बोलतात: कपडे, जात, बायको, काहीही. म्हणून खासगी व्यक्तीचा फोटो, नाव, गाव वापरू नका. चित्र किंवा बाहुली वापरा, आणि हास्याचा रोख घटनेवर ठेवा. कुलूप चोरणाऱ्यावर हसा, ज्याचं घर फुटलं त्याच्यावर नको.

बाहुली आली की सूर बदलतो, हेही ध्यानात ठेवा. २००९ मध्ये तैवानच्या नेक्स्ट मीडियाने गोल्फपटू टायगर वुड्सच्या मोटार अपघाताची संगणकीय चलत्चित्रं बनवली ती बातमी म्हणून. परदेशात ती विनोद म्हणून फिरली. खरी बातमी सांगायची असेल तर पहिल्या दहा सेकंदांत पडद्यावर तारीख आणि मूळ वृत्तपत्राचं नाव टाका, दुवा पिन केलेल्या कमेंटमध्ये. नाहीतर गंमतीच्या सुरात वाचलेली खरी बातमी लोक खोटी ठरवतात आणि "उगाच काहीही" म्हणून निघून जातात. खरी आणि बनावट एकाच व्हिडिओत ठेवू नका. ठेवायचीच असेल तर मध्ये वेगळ्या रंगाची पाटी हवी.

कमेंटसाठी यूट्यूबवर अडवायच्या शब्दांची यादी करता येते. मराठी शिव्या देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, तीन-चार स्पेलिंगसह भरा. जातिवाचक शब्द विसरू नका.

चौकस

आणि यंत्राने बनवलेला निवेदक वापरला तर? शिवाय लोकांनी खरं मानलंच, तर व्हिडिओ काढून दुरुस्त करून परत टाकायचा का?

तिरकी_रेघ

यंत्रनिर्मित चेहरा किंवा प्रसंग खराखुरा वाटत असेल तर यूट्यूबवर अपलोड करताना तसं जाहीर करावं लागतं, मार्च २०२४ पासूनचा नियम. उघडउघड कार्टून असेल तर गरज नाही. नियम बाजूला ठेवला तरी यंत्राचा आवाज पंचचा जीव घेतो. तो 'फक्त' आणि 'कुलूप' यांच्यामधला थांबा घेत नाही, तो हाताने कापून घालावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचं. एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. भाग कापता येतो, धूसर करता येतो, पट्टी नव्याने चिकटवता येत नाही. काढून परत टाकला तर कमेंट जातात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली प्रत फिरतच राहते. म्हणून गैरसमज दिसताच शीर्षकाच्या सुरुवातीलाच 'उपरोधिक' हा शब्द घाला, शेवटी टाकला तर फोनवर तो कापला जातो. पिन केलेल्या कमेंटमध्ये दोन साध्या ओळी लिहा, त्यात नवा विनोद नको. आणि "खरंच का?" विचारणाऱ्या पहिल्या चार-पाच जणांना सरळ उत्तर द्या. त्यांची टिंगल केली की बाकीचे विचारायचंच थांबतात आणि नुसतं पुढे पाठवतात. भीती किंवा नुकसान होण्यासारखी बातमी असेल तर मात्र कमेंटचा मोह सोडा, व्हिडिओ खाजगी करा.

खुसपट

विसाव्या सेकंदाच्या आतली अशक्य ओळ मान्य. शीर्षकातला शब्द गरज पडली तर मान्य. छातीखालच्या शिक्क्याला अजून विरोध.

मधलं_पान

नोंद घेतली. शिक्का तिथेच राहील.